बाबा मुके होते तेव्हा

आई गेल्यानंतरचा एकोणपन्नासावा दिवस पार पडला आणि मी बाबांना माझ्याकडे, चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फूचौला घेऊन आले. शंभराव्या दिवसाच्या विधीसाठी परत जायचं, असं त्यांनी गाडीत पाय ठेवण्याआधीच बजावून ठेवलं होतं. परत म्हणजे कायमचं परत. घर आहे, सहा कोंबड्या आहेत, बटाट्याचे तीन वाफे आहेत, असं ते म्हणाले. त्या यादीत माणूस एकही नव्हतं. ते त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण पुढचे चार तास ते खिडकीबाहेर बघत राहिले.

ते माझ्याजवळ राहावेत एवढीच माझी इच्छा होती. दूर उत्तरेला कान्सूतल्या त्या थंड घरात एकट्यासाठी चूल पेटवणारे बाबा मला डोळ्यांसमोर आणवत नव्हते. पण हट्ट केला असता तर ते दुसऱ्याच दिवशी निघाले असते. म्हणून मी विषय वाढवला नाही. मध्ये पन्नास दिवस होते आणि पन्नास दिवसांत माणसाला एखादं शहर आवडू शकतं. मला स्वतःला फूचौ आवडायला चार वर्षं लागली होती, हे मी सोयीस्करपणे विसरले.

बाबांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आमच्या तालुक्याच्या बसस्थानकावर त्यांनी एकतीस वर्षं घोषणा केल्या. कुठली गाडी लागली, कुठली सुटली, कुणाची पिशवी सापडली, कुणाचं पोर हरवलं, सगळं त्यांच्याच तोंडून. तालुक्यात त्यांचा चेहरा थोड्यांना ठाऊक होता, आवाज सगळ्यांना. त्यांनी दुकानात मीठ मागितलं तरी आजूबाजूचे लोक गाडी लागली की काय म्हणून गाठोडी उचलत. निवृत्त झाल्यावर लग्नांत आणि मयतांत विधी पुकारायला लोक त्यांनाच बोलवू लागले. घरी ते जेवताना बोलत, दाढी करताना बोलत, झोपेतही बोलत. ह्या माणसाला बंद करायचं बटण स्थानकावरच राहिलं, असं आई म्हणायची.

आईच्या मयतालाही तेच पुकारणार, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. ते उभे राहिले. ‘गुडघे टेका’ एवढंच म्हणायचं होतं. आवाज आला नाही. लोक थोडा वेळ थांबले आणि मग आपण होऊन गुडघ्यांवर बसले. त्या दिवसापासून बाबा लागेल तेवढंच बोलत. लागत फार थोडं.

मी शालेय पुस्तकांची मुद्रितं तपासते. याद्या करण्याची मला सवय आहे. नव्या माणसाला ह्या शहरात करण्यासारखं काय काय आहे, त्याची एक यादी मी बाबांसाठी केली आणि फ्रीजच्या दारावर लावली. बाबांनी ती दोनदा वाचली आणि एका ठिकाणी काना राहिल्यासारखी रेघ राहिली होती, ती पेन्सिलने काढून दिली.

सुरुवात गरम पाण्याच्या कुंडांपासून केली. आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं स्नानघर आहे. तिथे पहाटेपासून म्हातारे लोक गळ्यापर्यंत बुडून जगाची चर्चा करत बसतात. बाबा पंधरा मिनिटांत परत आले, कोरडे. एवढ्या पाण्यात आपल्या गावाचं आठवडाभर भागलं असतं, म्हणाले, त्यात नुसतं बसून राहायला जीव होत नाही. मग ज्येष्ठांच्या विद्यापीठात चौकशी केली. सुलेखनाचा वर्ग भरलेला, बासरीचा भरलेला, दुखऱ्या गुडघ्यांसाठीच्या व्यायामाला तर पुढच्या वर्षीपर्यंत रांग. जागा एकाच वर्गात होती, मॉडेलसारखं चालायला शिकवणाऱ्या. मी ते जमेल तितक्या साध्या आवाजात सांगितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या कापडी बुटांकडे बघितलं आणि बटाटे सोलायला घेतले.

चौकातल्या संध्याकाळच्या नाचाला मी त्यांना स्वतः घेऊन गेले. नाच त्यांनी पाहिलाच नाही. ते ध्वनिक्षेपकाकडे बघत होते. तो खरखरत होता, आणि ते एखादं तान्हं मूल रडताना बघावं तसे अस्वस्थ होत होते. शेवटी पुढे जाऊन त्यांनी तो उचलला आणि भिंतीकडे तोंड असलेला मैदानाकडे वळवला. नाचणाऱ्या बायकांच्या म्होरक्या काकूंनी आमच्या वस्तूला हात कोण लावतंय अशा सुरात त्यांचा समाचार घेतला. त्यानंतर त्या चौकातून आम्ही जात नसू.

सत्तरीपुढच्यांना बस फुकट आहे म्हणून पुढचे तीन दिवस ते बसने फिरले. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. चौथ्या दिवशी गेले नाहीत. बसमधल्या रेकॉर्डवरच्या बाई थांबा मागे पडल्यावर थांब्याचं नाव सांगतात, म्हणाले, आणि ‘कृपया’वर नको इतकं वजन देतात. कुणीतरी त्यांना सांगायला हवं. त्या आठवड्यातलं हे त्यांचं सगळ्यात मोठं भाषण.

आणि मग एक दिवस ते व्हिनेगरची बाटली आणायला म्हणून गेले आणि तीन तासांनी परत आले. व्हिनेगर विसरले होते. दुसऱ्या दिवशी साडेसातलाच चहाची बाटली घेऊन बाहेर पडले. तिसऱ्या दिवशीही. कुठे जाता विचारल्यावर म्हणाले, कालव्याच्या काठाला, वडाखाली, बुद्धिबळ बघायला. माझ्या यादीत बुद्धिबळ नव्हतं. मी यादी फ्रीजवरून काढून टाकली आणि कुणाला कळणार नाही इतपत खूश झाले.

महिनाभर मी काही विचारलं नाही. रोपटं रुजलं का बघायला जे रोज ते उपटून बघतात त्यांच्यातली मी नव्हे. पण घरात खुणा दिसत होत्या. बाबा एकदा डब्यात माशाचे गोळे घेऊन आले, कुणीतरी दिलेले. एकदा अर्धा पपनस. एकदा कापलेले केस, तेही चांगले कापलेले. मी विचारलं, न्हाव्याकडे गेला होता का. त्यांनी मान हलवली. घरीसुद्धा ते आता मानेवरच भागवू लागले होते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मेच्या सुरुवातीला भाजीबाजारात एका बाईंनी माझा हात धरला. पांढरे आखूड केस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. त्या चुओ बाई, पंचेचाळीस वर्षं प्राथमिक शाळेत सरकारी भाषेतून शिकवलेल्या आणि बाहेरही तीच बोलणाऱ्या. कालव्यावर सगळे त्यांना बाईच म्हणतात. सत्तरीतली माणसंही त्यांच्यासमोर पाय जवळ घेऊन बसतात.

“तू त्या कापडी बुटवाल्या दादांची मुलगी ना?” त्या म्हणाल्या. “किती सोसलंस गं पोरी. आणि ते तरी बघ. तोंडातून शब्द नाही, पण कपाळावर आठीही नाही.”

मला वाटलं बाबांनी आईबद्दल सांगितलं असेल. मी म्हटलं, वेळ लागेल.

“जन्मापासून आहे, की नंतर झालं?”

“काय?”

“मुकेपण.”

माझ्या हातात पालेभाजीची जुडी होती. पुस्तकांत अशा जागी लोक काहीतरी समर्पक बोलतात. मी भाजीवालीला सुटे पैसे दिले आणि मग म्हटलं, “नंतर झालं.” ते अगदीच खोटं नव्हतं.

बाईंनी मला बाजूला घेऊन पुढचं सांगितलं. कालव्यावरच्या आठही जणांनी वर्गणी काढून बाबांवर उपचार करायचं ठरवलं होतं. नदीच्या जुन्या फेरीबोटीवर आयुष्य काढलेले यानदादा होते, त्यांचा पुतण्या पारंपरिक औषधांच्या दवाखान्यात सुया टोचतो. जिभेखाली तीन आणि कानामागे दोन, असा त्याचा हिशेब होता. एका भाजीविक्याचा आवाज त्याने परत आणला होता. तो आता एवढा बोलतो की त्याची बायको डॉक्टरकडे तक्रार घेऊन आली. एकोणीस तारखेची वेळ घेतलेली होती. बाबांना मात्र अजून कळवलेलं नव्हतं. तू मुलगी आहेस, तू समजावून सांग, असं बाई म्हणाल्या.

घरी आले तेव्हा बाबा लसूण सोलत होते.

“बाबा, तुम्ही मुके आहात असं कळलं.”

त्यांनी हातातली पाकळी पूर्ण सोलली. “कोण म्हणालं?”

“अख्खा कालवा म्हणतोय.”

मग ते थोडं थोडं करून बोलले. पहिल्या दिवशी ते पटाशेजारी उभे राहिले तेव्हा सगळे तिथल्या बोलीत काहीतरी विचारू लागले. त्यांना ओ की ठो कळेना. वडाखालच्या त्या दगडी टेबलावर, पटाच्या कडेला, जुनं वचन कोरलेलं आहे: डाव बघताना जो बोलत नाही तो खरा सज्जन. आमच्या गावात हे वचन सगळ्यांना पाठ असतं आणि कुणी पाळत नाही. तिथे खेळणारे दोन असतात आणि चाली सांगणारे दहा. बाबांना वाटलं, परक्या गावात आलोय, नियम पाळावा. म्हणून त्यांनी आधी आपल्या तोंडाकडे बोट केलं आणि मग त्या अक्षरांकडे. सगळ्यांचे चेहरे एकदम मऊ झाले. कुणीतरी स्टूल आणलं.

“मग दुसऱ्या दिवशी सांगायचं नाही का?”

“दुसऱ्या दिवशी मला वाटलं, शहरात सगळ्यांना स्टूल देतात.”

“आणि तिसऱ्या?”

“तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. तोवर मी त्यांचे माशाचे गोळे खाल्ले होते.”

मला हसू येत होतं आणि ते मी दाबत होते. ज्याच्या आवाजावर तालुक्याने एकतीस वर्षं घड्याळं लावली, त्या माणसाला आवाज मिळावा म्हणून आठ अनोळखी म्हातारे वर्गणी काढून डॉक्टरची वेळ घेत होते. मी सुयांचं सांगितलं. तीन जिभेखाली, दोन कानामागे. बाबांनी सुरी खाली ठेवली.

“आपलं तिकीट किती तारखेचं आहे?”

“अठराचं.”

“मग झालं तर. सुया एकोणीसला आहेत.”

मला जे ऐकायचं नव्हतं तेच ते सांगत होते. मी म्हटलं, शंभरावा दिवस वीस तारखेला आहे. तो करू आणि परत येऊ. तोपर्यंत ह्या लोकांना खरं सांगून टाका, हसतील आणि विसरतील. बाबांनी मान हलवली, नाही अशी. महिनाभर त्या माणसांनी मला सांभाळून घेतलं, म्हणाले. म्हातारे माझ्याजवळ येऊन मनातलं बोलतात, हा कुठे सांगणार आहे म्हणून. त्यांना आता सांगू, की मी धडधाकट आहे, तुमची गंमत ऐकत होतो? आमच्याकडे असं करणारा माणूस पुन्हा त्या रस्त्याने जात नाही. त्यापेक्षा मुका आला, मुका गेला. आणि ह्या शहरात त्या वडाशिवाय त्यांना बसायला जागाही नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही, मला ठाऊक होतं.

मग त्यांनी सोललेला लसूण माझ्याकडे सरकवला. “तिथे मला कुणी विचारत नाही,” ते म्हणाले.

“काय?”

“कशी गेली ते.”

मी लसूण ठेचायला घेतला. अठरा तारखेचं त्यांचं तिकीट एकेरीच होतं आणि मी ते तसंच राहू दिलं. माझं मात्र बावीसला परत येण्याचंही काढलं, कामावर रुजू व्हायचं होतं.

सतरा तारखेला रविवार होता. निरोप घ्यायला बाबा निघाले आणि मला बरोबर चल म्हणाले. त्यांच्या वतीने बोलायला कुणीतरी हवं होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाने मला बोलू दिलं नाही त्याची जीभ व्हायची पाळी माझ्यावर आली होती. मी वाटेत पाठ करत गेले: बाबा घरी जाताहेत, तुमचे फार उपकार झाले, डॉक्टरांना आमचा नमस्कार कळवा.

कालव्यावर गर्दी होती, कारण यानदादा आणि वंग यांचा डाव चालू होता. वंग न्हावी आहे, वडाच्याच एका पारंबीला आरसा टांगून केस कापतो, आणि यानदादा त्याच्याकडून अकरा वर्षं हरत आले आहेत. ह्या वेळी मात्र रंग वेगळा होता. वंगची एक तोफ गेली होती. यानदादांनी पटावरची नदी ओलांडून दोन प्यादी पलीकडे नेली होती आणि फेरीबोटीवरच्या दिवसांसारखे ते छाती काढून बसले होते. बाबांसाठी स्टूल पुसून ठेवलेलं होतं. चुओ बाईंनी मला शेजारी बसवून घेतलं आणि डाव संपल्यावर बोलू असं खुणेनं सांगितलं. मग पंधरा-वीस मिनिटं कुणी हललं नाही. एका पिंजऱ्यातली साळुंकी तेवढी बडबडत होती.

मला रथ-तोफांच्या ह्या बुद्धिबळातलं फार कळत नाही, पण इतकं कळलं की वंगने आपला हत्ती उघड्यावर आणून ठेवला होता. यानदादांना आपल्या रथाने तो सहज मारता आला असता. अकरा वर्षांचा उपाशी माणूस ताटाकडे बघतो तसे ते त्या हत्तीकडे बघत होते. त्यांनी हात पुढे केला, रथावर दोन बोटं ठेवली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या मानेची शीर उभी राहिली होती.

“सूचना,” बाबा म्हणाले. “कृपया रथ जागेवरून हलवू नये.”

तो स्थानकावरचा आवाज होता. मोठा नव्हता, पण तो कालव्याच्या पलीकडे पोचला. तिकडे कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं. साळुंकी गप्प झाली. आईच्या मयताला जो आला नाही तो आवाज मी तीन महिन्यांनी ऐकत होते, आणि तो एका हत्तीसाठी आला होता.

बाबा मुके नाहीत, हे आधी कुणाच्या डोक्यातच शिरलं नाही. सगळे पटाकडे बघत होते. रथ हलला असता तर वंगच्या उरलेल्या तोफेला यानदादांच्या सेनापतीपर्यंत सरळ रस्ता होता. यानदादांनी बोटं उचलली. “खरंच की,” ते म्हणाले.

वंग उठून उभा राहिला. “हे चालणार नाही. बघ्याने बोलायचं नाही. दगडावर कोरलंय.”

“कोण बोललं?” यानदादा म्हणाले.

“हा बोलला.”

“हा मुका आहे. मुका कसा बोलेल?”

“आत्ता बोलला की तुझ्या कानात.”

“चाळीस दिवसांत बोललाय कधी? विचार कुणालाही.”

हा वाद बराच वेळ चालला. मुक्याने सांगितलेली चाल नियमात धरायची की नाही, यावर दोन तट पडले. एकाने सुचवलं की सुयांच्या नुसत्या धास्तीनेच गुण आला असेल, आणि तसं असेल तर घेतलेली वेळ रद्द करावी. बाबा स्टुलावर खाली मान घालून बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते. मी पाठ केलेली वाक्यं आता कुठूनही सुरू करता येत नव्हती.

बोलल्या नव्हत्या त्या फक्त चुओ बाई. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वाद आपोआप थांबला.

“पहिल्या दिवसापासून बोलता येत होतं?”

“हो बाई.”

“म्हणजे मी जे जे सांगितलं, ते सगळं तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं.”

बाईंनी आपली पिशवी मांडीवर घेतली आणि तिचे बंद बांधायला लागल्या. त्यांनी बाबांना काय सांगितलं होतं ते मला आजही माहीत नाही. बाबांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तेवढ्यात यानदादांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असावा. त्यांचा चेहरा उतरला. महिनाभर रोज डाव संपल्यावर ते बाबांना काठाला घेऊन जायचे आणि अर्धा अर्धा तास बोलायचे. सून, मुलगा, दुखणं, काय काय. ते हळूच म्हणाले, “आणि मी सांगितलं ते?”

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. “दादा, तुमचं मला एक अक्षर कळलं नाही. तुमची बोली येत नाही मला.”

यानदादांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मग तो अर्ध्यावरच थांबला. “एक अक्षरही नाही? मग मान कशाला हलवत होतास?”

“तुम्ही मनापासून बोलत होतात.”

यावर कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या उठल्या होत्या. माझी खात्री झाली की त्या जाणार, त्यांच्यामागे एक एक करून बाकीचेही जाणार, आणि उद्या बाबा गाडीत बसतील ते पुन्हा इकडे न फिरण्यासाठी. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. बाईंनी मला हातानेच गप्प केलं, वर्गात करतात तसं.

“चाळीस दिवस मी बोलले,” त्या बाबांना म्हणाल्या. “आता तुम्ही बोला. आम्ही बसतो.” आणि त्या खरंच परत बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून. “मी मान हलवणार नाही, हे आधीच सांगते.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहत होते.

“माझी बायको फेब्रुवारीत गेली,” ते म्हणाले.

मग ते बोलत राहिले. आमच्या कान्सूकडच्या हेलात, त्यामुळे ऐकणाऱ्यांना अर्धंअधिकच समजत असेल, पण कुणी मध्ये बोललं नाही. आमचं घर बसस्थानकाच्या मागच्या भिंतीला लागून होतं. आई घोषणा ऐकत घरकाम करायची. संध्याकाळची शेवटची गाडी सुटल्याचं बाबांनी पुकारलं की ती उकळत्या पाण्यात नूडल्स टाकायची; ते नोंदवही बंद करून, कुलूप लावून, भिंतीला वळसा घालून येईपर्यंत नूडल्स बरोबर शिजलेल्या असायच्या. एकदा गाडी घाटात बिघडली आणि शेवटची घोषणा झालीच नाही. बाबा रात्री घरी आले तेव्हा ती पातेल्यात तिसऱ्यांदा पाणी घालत होती. निवृत्तीनंतर तिच्या नूडल्स बिघडू लागल्या. कधी कच्च्या, कधी लगदा. घड्याळ बघून करत जा म्हटलं तर म्हणायची, घड्याळाला कुठे काय कळतं.

हे मला माहीत होतं. मी त्याच नूडल्सवर वाढले. पुढचं माहीत नव्हतं.

ते दोघं भांडले की बाबांना माफी मागता यायची नाही. एवढं बोलणाऱ्या माणसाला तेवढंच यायचं नाही. मग संध्याकाळच्या शेवटच्या घोषणेला ते एक वाक्य जोडायचे: ‘प्रवाशांनी पायरी जपून उतरावं.’ आमच्या स्थानकात पायरी नव्हती. सपाट मातीचं आवार. लोक बिचारे खाली बघत, पायरी शोधत. भिंतीपलीकडे आईला कळायचं. त्या दिवशी नूडल्सवर तळलेली मिरची जास्त असायची, म्हणजे तिकडूनही मिटलं.

“वर्षातून किती वेळा?” वंगने विचारलं. न्हाव्याला अशा गोष्टींत रस असतो.

“चाळीसेक,” बाबा म्हणाले. “तालुक्यातल्या लोकांना वाटायचं, साहेब फार काळजीवाहू आहेत.”

हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलं होतं. त्या आवारात मी खेळले होते. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या मला, त्या वाक्यात चूक आहे असं कधी वाटलं नव्हतं. पाणी कालव्यात होतं तसंच होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघणं त्या वेळी जमलं नसतं.

“मयताला मीच पुकारायचं होतं,” बाबा म्हणाले. “पण पलीकडे ऐकायला कुणी नव्हतं.” चुओ बाईंनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. पुसून परत घातला. मान त्यांनी हलवली नाही, पण पिशवीचे बंद सोडले.

थोड्या वेळाने त्या माझ्याकडे वळल्या. “गाडी कधी आहे?”

“उद्या. वीस तारखेला शंभरावा दिवस आहे,” मी म्हटलं. “घरी करायचा असतो.”

“करायलाच हवा. आणि परत कधी?”

तेवढ्यात यानदादा, जे इतका वेळ कसला तरी हिशेब केल्यासारखे बोटांवर मोजत होते, एकदम बाबांच्या समोर येऊन उभे राहिले. ते रागावलेले होते.

“म्हणजे मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल,” ते म्हणाले. “आणि आता सरकारी भाषेत. ती मला धड येत नाही. तीन महिने तरी जातील.”

“जाऊ देत की,” बाबा म्हणाले. “बावीसला येतो मी.”

ते त्यांनी अगदी सहज सांगितलं, साडेपाचची गाडी साडेपाचला सुटेल म्हणावं तसं. आठ परक्या माणसांना आधी कळलं, मला नववी म्हणून. वंगने ताबडतोब जाहीर केलं की तोपर्यंत हा डाव रद्द. यानदादांनी जाहीर केलं की डाव आहे तसा राहील आणि कुणी सोंगटीला हात लावला तर गाठ आपल्याशी आहे. तट पुन्हा पडले. चुओ बाईंनी एकाला घरून कापड आणायला पिटाळलं, पटावर झाकायला.

मी उठून जरा लांब, आरसा टांगलेल्या पारंबीपाशी गेले आणि फोनवर बावीस तारखेचं बाबांचं परतीचं तिकीट शोधलं. माझ्या शेजारची जागा गेलेली होती, पुढच्या रांगेतली मिळाली. पैसे भरून वळले तेव्हा बाबा आणि यानदादा काठाच्या कठड्यावर बसले होते. यानदादांनी सुरुवात केली होती, ह्या खेपेला सावकाश, एक एक शब्द जुळवत, हातवारे करत. दर दोन वाक्यांनी बाबा त्यांना थांबवून काहीतरी विचारत होते, आणि यानदादा वैतागत होते, की अरे, आधी पुरतं ऐकून तरी घे.